स्वदेश-प्रत्यागमन

उपजीविका, शिक्षण, व्यापार अथवा अन्य कारणांसाठी परदेशात दीर्घकाळ राहिलेल्या व्यक्तीने वा जनसमूहाने स्थायिक होण्याच्या हेतूने पुन्हा मायदेशी येणे, यास स्वदेश-प्रत्यागमन असे म्हणतात. लोकसंख्याशास्त्रात यालाच ‘परतीचे स्थलांतर’ अशी संज्ञा आहे. सुटीनिमित्त वा धार्मिक विधींसाठी दिलेली अल्पकालीन भेट हिच्यात मोडत नाही. प्रत्यागमन स्वेच्छेचे असू शकते, कामाच्या कराराची मुदत संपल्याने ओघाने येऊ शकते किंवा युद्ध, हकालपट्टी, राजकीय उलथापालथ यांमुळे लादलेलेही असू शकते. दोन शासनांमधील करारान्वये जनसमूह परत आणला जातो, तेव्हा त्यास ‘प्रत्यावर्तन’ ही संज्ञा लावतात.

मायदेशी परतणे म्हणजे पूर्वस्थितीला येणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः मधल्या काळात परतणारी व्यक्ती बदललेली असते आणि तिने सोडलेला देशही बदललेला असतो. त्यामुळे प्रत्यागमन हे पहिल्या स्थलांतराची समाप्ती नसून ते दुसरे स्थलांतरच ठरते. पहिल्या खेपेस अडचणी गृहीत धरलेल्या असतात व त्यांना तोंड देण्याची मनाची तयारी असते. दुसऱ्या खेपेस ती तयारी परतणाऱ्याचीही नसते आणि त्याला सामावून घेणाऱ्या समाजाचीही नसते. प्रत्यागमनाच्या बहुतेक समस्यांचे मूळ या वस्तुस्थितीत आहे आणि भारताचा गेल्या शतकभराचा अनुभव तिची साक्ष देतो.

संकल्पना व अभ्यास : स्थलांतराच्या प्रत्येक मुख्य प्रवाहातून एक उलटा प्रवाह निर्माण होतो, असा नियम ई. जी. रेव्हेन्स्टाइन यांनी १८८५ मध्ये मांडला होता. तथापि या उलट्या प्रवाहाकडे अभ्यासकांचे लक्ष बऱ्याच उशिरा वळले. समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झ यांनी १९४५ मध्ये, युद्धावरून घरी परतणाऱ्या सैनिकांच्या संदर्भात, घरी परतणाऱ्याच्या मनःस्थितीचे विश्लेषण केले. परक्या मुलुखात जाणाऱ्यास तेथील रीतिरिवाज नव्याने शिकावे लागणार, हे ठाऊक असते. परतणाऱ्यास मात्र सर्व काही ओळखीचे असेल अशी अपेक्षा असते व ती फोल ठरल्याने त्याला धक्का बसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. परदेशात गेलेल्याचे मन प्रथम उल्हसित होते, नंतर खचते व कालांतराने सावरते, हे स्वेरे लिसगॉर यांनी १९५५ मध्ये दाखविले. जॉन व जीन गलाहॉर्न या दांपत्याने १९६३ मध्ये या सिद्धांताचा विस्तार करून, मायदेशी परतल्यावर हाच चढउतार पुन्हा एकदा अनुभवास येतो, असे मत मांडले.

अमेरिकेतून दक्षिण इटलीत परतलेल्यांचा अभ्यास करून फ्रान्सेस्को चेराझे यांनी १९७४ मध्ये प्रत्यागमनाचे चार प्रकार केले : (१) परदेशात जम न बसल्यामुळे झालेले अपयशजन्य, (२) बचत करून गावी जमीन वा घर घ्यावे, या मूळ हेतूनुसार झालेले परंपरानिष्ठ, (३) वार्धक्यात विश्रांतीसाठी झालेले निवृत्तिकालीन, आणि (४) परदेशात मिळविलेले ज्ञान व भांडवल मायदेशी नव्या उद्योगात लावण्यासाठी झालेले नवप्रवर्तक. यांपैकी चौथ्या प्रकारापासून देशाला सर्वाधिक अपेक्षा असतात. परंतु स्थानिक सत्तासंबंध व जमीनमालकीची जुनी चौकट कायम राहिल्यास या लोकांचाही उत्साह मावळतो, असे चेराझे यांना आढळले.

भारतातील पूर्वपीठिका : समुद्र ओलांडल्याने जात भ्रष्ट होते, या समजुतीमुळे एकोणिसाव्या शतकात परतणाऱ्यापुढे पहिला प्रश्न प्रायश्चित्ताचा असे. मोहनदास गांधी १८९१ मध्ये इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले, तेव्हा त्यांच्या ज्येष्ठ बंधूंनी त्यांना नासिक येथे नेऊन गोदावरीत स्नान घडविले व राजकोटला ज्ञातिभोजन दिले. तरीही ज्ञातीतील एका गटाने त्यांना जवळ केले नाही. याच गांधींनी ९ जानेवारी १९१५ रोजी दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सल्ल्यानुसार पहिले वर्ष सार्वजनिक प्रश्नांवर मत न देता देश पाहण्यात घालविले. दोन दशकांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्याने आपला देश प्रथम पुन्हा समजून घ्यावा, हा त्या सल्ल्याचा आशय होता. त्यांच्या आगमनाचा हा दिवस २००३ पासून ‘प्रवासी भारतीय दिवस’ म्हणून पाळण्यात येतो.

मायदेश बदलला नसला, तरी परतणे किती कठीण होते याचे उदाहरण भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्रात आढळते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क व लंडन येथे उच्च शिक्षण घेऊन ते १९१७ मध्ये परतले व करारानुसार संस्थानच्या सेवेत रुजू झाले. बडोद्यात अस्पृश्यतेमुळे त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले थोडे दिवस, ओळख पटल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपुष्टात आणले. परदेशातील वास्तव्यात ज्या अस्पृश्यतेची जाणीव आपल्या मनातून पुसली गेली होती तिची परतताच पुन्हा आठवण झाली, असे त्यांनी स्वतःच्या आठवणींत नमूद केले आहे. परदेशी पदवीने व्यक्तीची योग्यता वाढते. समाजातील तिचे स्थान मात्र समाजच ठरवितो, हे यावरून स्पष्ट होते.

गिरमिटिया मजुरांचे प्रत्यागमन : १८३४ पासून मॉरिशस, गियाना, त्रिनिदाद, नाताळ, सुरिनाम, फिजी इ. वसाहतींत करारबद्ध भारतीय मजूर नेण्यात आले. ही भरती १९१७ मध्ये बंद झाली. अनेक वसाहतींच्या करारांत ठरावीक मुदतीनंतर परतीच्या मोफत प्रवासाची तरतूद असे, उदा., फिजीत पाच वर्षांचा करार पुरा केल्यावर स्वखर्चाने व एकूण दहा वर्षांच्या वास्तव्यानंतर शासकीय खर्चाने परतता येत असे. फिजीस गेलेल्या सु. ६०,००० व सुरिनामला गेलेल्या सु. ३४,००० मजुरांपैकी सु. एक-तृतीयांश वा त्याहून अधिक परत आले. फिजीत एकवीस वर्षे काढून १९१४ मध्ये परतलेले तोताराम सनाढ्य यांच्या हिंदी अनुभवकथनाने करारबद्ध मजुरीविरुद्ध लोकमत जागृत होण्यास मोठे साहाय्य झाले.

परतलेल्या सर्वांच्या वाट्याला मात्र स्वागत आले नाही. साठविलेला पैसा ज्ञातिभोजनांत व नातेवाइकांच्या मागण्यांत संपे. जहाजावर वा वसाहतीत जुळलेले आंतरजातीय विवाह गावाला मान्य होत नसत आणि वसाहतीत जन्मलेली मुले गावच्या बोलीला व हवामानाला परकी असत. परिणामी १९२० च्या सुमारास असे शेकडो लोक गाव सोडून कलकत्त्याच्या गोदीलगत मटियाबुर्ज भागात जमले. तेथे हलाखीत दिवस कंठीत ते पुन्हा वसाहतींत नेण्याची विनवणी करीत. काहींना तसे नेण्यातही आले. ज्या देशाच्या ओढीने त्यांनी परतीचे जहाज धरले, त्याच देशाच्या बंदरात ते उलट्या प्रवासाची वाट पाहत बसले होते. १९२७ च्या केपटाउन करारान्वये दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना आर्थिक साहाय्य देऊन परत पाठविण्याची योजना सुरू झाली. भवानी दयाल संन्यासी व बनारसीदास चतुर्वेदी यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या योजनेखाली आलेल्यांची, विशेषतः वसाहतीत जन्मलेल्यांची, दैन्यावस्था मांडली आहे.

सक्तीचे प्रत्यागमन : जपानी आक्रमणामुळे १९४२ मध्ये ब्रह्मदेशातील लाखो भारतीय बहुतांशी पायी, डोंगर व अरण्ये ओलांडून भारतात आले, वाटेत हजारो मृत्युमुखी पडले. १९६२ नंतरच्या लष्करी राजवटीने व्यापारांचे राष्ट्रीयीकरण केल्यावर तेथून पुन्हा मोठ्या संख्येने भारतीयांना निघावे लागले. श्रीलंकेतील (तत्कालीन सिलोन) भारतीय वंशाचे मळेकामगार १९४८ च्या कायद्याने नागरिकत्वास मुकले होते. त्यांच्यासंबंधी ३० ऑक्टोबर १९६४ रोजी झालेल्या शास्त्री-सिरिमावो करारान्वये ९,७५,००० व्यक्तींपैकी ५,२५,००० व्यक्ती भारताने व ३,००,००० व्यक्ती सिलोनने स्वीकाराव्यात असे ठरले. उरलेल्या १,५०,००० व्यक्ती १९७४ च्या करारान्वये निम्म्या निम्म्या वाटून घेण्यात आल्या. परत आलेल्यांना मंडपम् येथील छावणीतून निरनिराळ्या ठिकाणी पाठविण्यात आले. निलगिरी जिल्ह्यात त्यांच्यासाठी चहाचे मळे उभारण्यात आले. यांतील बहुतेकांचा जन्म सिलोनमध्येच झालेला होता. कागदोपत्री ते ‘परत’ आले; प्रत्यक्षात ते आजवर न पाहिलेल्या देशात आले होते.

युगांडातून १९७२ मध्ये इदी अमीन यांनी आशियाई लोकांना नव्वद दिवसांच्या मुदतीत घालवून दिले. त्यांत गुजराती बहुसंख्य व गोमंतकीयही होते. बहुतेकांनी ब्रिटनचा आश्रय घेतला. काही भारतात आले. इराकने कुवेत व्यापल्यावर १९९० मध्ये एक लाखाहून अधिक भारतीयांना मुख्यतः अम्मानमार्गे विमानांनी परत आणण्यात आले, तर जागतिक महामारीच्या काळात ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेखाली अनेक देशांतून नागरिक परतले.

आखाती देशांतील कामगार : १९७३ नंतर खनिज तेलाच्या किंमती वाढल्या व पश्चिम आशियात कामगारांना मोठी मागणी निर्माण झाली. केरळप्रमाणेच गोमंतक तसेच रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतूनही अनेक जण तेथे गेले. या देशांत परकीय कामगारास सहसा नागरिकत्व मिळत नाही. त्यामुळे जातानाच परतणे निश्चित असते, फक्त त्याचा दिवस ठाऊक नसतो. तिरुवनंतपुरम् येथील विकास अध्ययन केंद्राने के. सी. झकारिया व एस. इरुदय राजन यांच्या नेतृत्वाखाली १९९८ पासून केलेल्या पाहण्यांनुसार केरळात परतलेल्यांची संख्या १९९८ मध्ये सु. ७·४ लाख, तर २०१८ मध्ये सु. १३ लाख होती. कामगाराने पाठविलेला पैसा बहुधा घरबांधणी, विवाह, शिक्षण व औषधोपचार यांवर खर्च होतो. उत्पन्नाचे साधन उभे राहत नाही. परदेशी शिकलेल्या कसबाला गावात मागणी नसते आणि पैशाचा ओघ थांबताच कुटुंबातील मानही उतरणीस लागतो. वर्षातून एक महिना पाहुणा म्हणून येणाऱ्या पित्यास मुलांच्या दैनंदिन जीवनात नव्याने जागा शोधावी लागते. केरळ शासनाने १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला असून परतलेल्यांच्या पुनर्वसनाच्या योजना तो राबवितो.

उच्चशिक्षितांचे प्रत्यागमन : स्वातंत्र्योत्तर काळात बुद्धिमंतांचे बहिर्गमन ही चिंतेची बाब ठरली. परतणाऱ्या शास्त्रज्ञांना कायम पद मिळेपर्यंत तात्पुरती नेमणूक देण्यासाठी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५८ मध्ये ‘शास्त्रज्ञ संचय’ योजना सुरू केली. जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी अधिछात्रवृत्ती हे त्याच हेतूचे अलीकडील उदाहरण होय. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर बंगलोर, हैदराबाद, पुणे इ. शहरांत माहिती-तंत्रज्ञान व संशोधन यांच्या संधी वाढल्याने अमेरिका-ब्रिटनमधून परतणे अनेकांना शक्य झाले. या वर्गाला निर्वाहाची चिंता तुलनेने कमी असते. त्याच्या अडचणी कार्यपद्धती, वरिष्ठ-कनिष्ठ संबंध, सार्वजनिक सेवांचा दर्जा व वेळेचे मूल्य यांच्याशी निगडित असतात.

कौटुंबिक बाजू : परतण्याचा निर्णय बहुधा आईवडिलांचे वार्धक्य, मुलांचे संस्कार वा निवृत्ती यांच्या संदर्भात घेतला जातो; मात्र कुटुंबातील सर्वांसाठी तो सारखा नसतो. परदेशात जन्मलेल्या मुलांच्या दृष्टीने ते परतणे नसून जन्मभूमी सोडणे असते. महाराष्ट्रात २०२० च्या अधिनियमाने सर्व माध्यमांच्या व मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला आहे. घरात मराठी बोलणारे, परंतु देवनागरी न वाचणारे मूल अशा वेळी वर्गात एकाएकी मागे पडते. परदेशात स्वतंत्रपणे संसार चालविलेल्या स्त्रीस एकत्र कुटुंबातील जुन्या अपेक्षांना सामोरे जावे लागते. शिवाय ज्या आप्तांसाठी परतावयाचे, ते परतण्यापूर्वीच दिवंगत झालेले असण्याचा संभव असतो.

कायदेशीर बाजू : भारतीय कायद्यानुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारणारी व्यक्ती भारतीय नागरिक राहत नाही [⟶ नागरिकत्व]. अशा व्यक्तींसाठी २००५ मध्ये ‘भारताचे समुद्रपारीय नागरिक’ ही नोंदणी सुरू झाली. तीमुळे भारतात अमर्याद काळ राहता येते. परंतु मतदानाचा व शेतजमीन खरेदी करण्याचा अधिकार मिळत नाही. प्राप्तिकर कायद्यात दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यास परतल्यावर प्रारंभीची काही वर्षे ‘निवासी, परंतु सामान्यतः निवासी नसलेला’ असा दर्जा मिळू शकतो व त्या काळात त्याच्या परदेशी उत्पन्नावर सहसा कर लागत नाही. परदेशात राहत असताना मिळविलेली मालमत्ता परतल्यानंतरही बाळगण्यास १९९९ च्या विदेशी चलन व्यवस्थापन अधिनियमाने मुभा दिली आहे.

मूल्यमापन : प्रत्यागमनाची यशस्विता परतण्याची स्वेच्छा, त्यासाठीची पूर्वतयारी आणि मायदेशातील स्वीकार या तीन घटकांवर अवलंबून असते. यांपैकी पहिले दोन काही अंशी व्यक्तीच्या हाती असतात. तिसऱ्याकडे मात्र परतणारा आपलाच आहे, तेव्हा त्याला वेगळ्या साहाय्याची गरज नाही, या समजुतीने दुर्लक्ष होत आले आहे. मटियाबुर्जच्या मजुरांना परतीचे तिकीट मिळाले होते. जे मिळाले नाही ते रोजगार, निवारा व सामाजिक मान्यता होय. निलगिरीतील चहामळ्यांनी किंवा केरळातील पुनर्वसन-योजनांनी ही उणीव अंशतः भरून काढण्याचा प्रयत्न केला. परतणाऱ्यास नवागत मानून त्याच्यासाठी व्यवस्था करणे, हे त्याला परके लेखणे नसून त्याच्या परतण्याला अर्थ देणे आहे, असाच या इतिहासाचा निष्कर्ष निघतो.