वर्गातलं विज्ञान : लेखांक 6
खारं पाणी उकळलं तर?

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, भातकुली या पट्ट्यातल्या नववीच्या वर्गात क्षारांचा पाठ निघाला की हा प्रश्न येण्याची दाट शक्यता असते : "सर, आपल्या हिरीचं पानी उकयलं, त त्याचा खारेपना जाते काय?" पाठ्यपुस्तक साऱ्या राज्यासाठी एकच असतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा मात्र अकोला, अमरावती आणि बुलढाणा याच जिल्ह्यांच्या वाट्याला आला आहे.

प्रश्न सोपा वाटतो, पण फसवा आहे. घरच्या गंजात रोज पाणी तापवलं की तळाशी पांढरा थर धरतो, हे पोरांनी पाहिलेलं असतं आणि सरांनीही. म्हणजे खार खाली बसला, पाणी गोडं झालं, असा हिशेब दोघांच्याही डोक्यात तयार असतो. तो अर्धाच बरोबर आहे. तळाशी बसतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियमचं बायकार्बोनेट उष्णतेनं फुटतं आणि त्यातून तो तयार होतो. म्हणून कमी होतो तो पाण्याचा जडपणा, आणि त्यातलाही फक्त तात्पुरता भाग. जिभेला लागणारा खारेपणा प्रामुख्याने मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा. ते उकळून फुटत नाही की उडून जात नाही. उडतं ते पाणी. त्यामुळे जितकं जास्त उकळाल, तितकं उरलेलं पाणी अधिक खारं होतं.

हे कळायला शिक्षकाला रसायनशास्त्राची पदवी लागते असं नाही. पण जडपणा आणि खारेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलांचा गोंधळ नेमका त्या थरापाशी होतो, हे आधी ठाऊक असावं लागतं. ली शुलमन या अमेरिकी अभ्यासकाने 1986 मध्ये मांडलं की विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याची हातोटी यांच्यापलीकडे शिक्षकाकडे तिसरं एक ज्ञान असतं : हा विषय शिकताना मूल कुठे अडखळतं, याचं. नुसती जास्त पुस्तकं वाचून ते येत नाही. 1987 च्या एका माहितीपटात हार्वर्डचे पदवीधर, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी अशा 23 जणांना साध्या प्रश्नांपैकी एक विचारला होता, ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात. त्यातले 21 चुकले. तेव्हा बारावी कला शाखेतून डी.एड. केलेल्या आणि सहावी-सातवीला विज्ञान शिकवावं लागणाऱ्या मॅडमनी उगाच मान खाली घालायचं कारण नाही.

प्रश्न आहे तो प्रशिक्षणाच्या रीतीचा. राज्यस्तरावर काही जण तयार होतात, ते जिल्ह्याच्या सुलभकांना शिकवतात, ते तालुक्याच्या आणि मग तालुका शाळांना. प्रत्येक पायरीवर प्रयोग गळतात आणि स्लाइड उरतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दर शिक्षकाला वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. माझ्या मते तासांचा आकडा दुय्यम आहे. त्यातले किती तास शिक्षकाचे हात ओले झाले, हे मोजायला हवं.

याचं उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. परतवाड्यावरून सातपुडा ओलांडला की बैतूल, आणि त्याच्या पुढचा जिल्हा होशंगाबाद, आताचा नर्मदापुरम. तिथे किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 1972 मध्ये 16 उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. 1978 मध्ये तो जिल्ह्यातल्या सगळ्या उच्च प्राथमिक शाळांत गेला आणि 1982 पासून 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला. मुलं टोळ्या करून स्वतः प्रयोग करायची, परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिथली मासिक गोष्ठी. उन्हाळ्यातल्या शिबिरानंतर शिक्षकाला वाऱ्यावर सोडलं नाही. जवळपासच्या शाळांतले शिक्षक महिन्याला एकत्र बसत, कोणता प्रयोग वर्गात फसला ते सांगत आणि पुढच्या पाठाचा प्रयोग तिथेच करून पाहत. 2002 मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तोवर तीस वर्षं तो चालला होता, तोही सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांच्या भरवशावर.

आपल्याकडे गोष्ठीचा सांगाडा तयार आहे : केंद्रातली शिक्षण परिषद. तिचा बराच वेळ माहितीचे तक्ते आणि लिंका यांतच जातो, हे वाचणाऱ्या शिक्षकांना मी वेगळं सांगायला नको. त्यातला एक तास विज्ञानाला काढता आला तर असा करता येईल. प्रत्येकाने आपल्या गावच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बाटलीत आणायचं, एकाने पावसाचं. स्टीलच्या ताटात प्रत्येक पाण्याचे दहा-दहा थेंब वेगवेगळे टाकून उन्हात वाळवायचे आणि उरलेले डाग ताडून पाहायचे. नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी आणि पेन्सिलीची दोन शिसं जोडून कोणत्या पाण्यात दिवा उजळ लागतो, कोणत्यात मिणमिणतो, ते पाहायचं. शेवटी खारं पाणी झाकण ठेवून उकळायचं. झाकणावरचे थेंब आणि गंजातलं उरलेलं पाणी दोन्ही चाखायचं. एवढ्यापुरतं बोअरचं पाणी आधीच पिण्याजोगं निवडायचं. कोणाचा एलईडी लागला नाही, तर तो का लागला नाही, यावर अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असं समजू नये. तशी अडचण वर्गात येणारच आहे, आणि तेव्हा शेजारी दुसरा शिक्षक नसेल.

शंका राहिली तर तालुक्याच्या विज्ञान महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना पुढच्या परिषदेला बोलवावं. व्याख्यानाला नको, बाटल्या घेऊन बसायला.

पुढच्या आठवड्यात सावली. अकोला 20.7 अंश आणि अमरावती 20.9 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो. पहिल्यांदा मेच्या चौथ्या आठवड्यात, तेव्हा आभाळ निरभ्र आणि शाळा बंद. दुसऱ्यांदा 20 जुलैच्या आसपास, तेव्हा शाळा सुरू आणि आभाळ भरलेलं. यातून वाट कशी काढायची ते पाहू. तोवर अंगणात एक सरळ काठी ओळंब्यात रोवून ठेवा, आणि दुपारी बारा ते एक दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खूण करा.