ऊन पाण्याचा अपस्मार

दक्षिण कर्नाटकात डोक्यावरून भरपूर कढत पाणी घेऊन स्नान करण्याची रीत आहे. असे स्नान चालू असता एखादा मनुष्य एकाएकी शून्य दृष्टीने पाहू लागतो व असंबद्ध बोलतो. दुसरा एखादा, घरची माणसे हाका मारीत असूनही, डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओतीतच राहतो. शुद्धीवर आल्यावर घडलेले त्यास आठवत नाही. पाहणारे त्यास हट्टी ठरवितात, वेडा ठरवितात, किंवा बाहेरची बाधा झाली असे म्हणतात. वस्तुतः हा अपस्माराचाच एक प्रकार होय.

१९४५ साली न्यूझीलंडमधील अशा एका रोग्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे बंगळूरचे डॉ. के. एस. मणी व त्यांचे सहकारी यांनी १९६८ साली या विकाराकडे वैद्यांचे लक्ष वेधले. त्याच नगरातील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेचे डॉ. पी. सतीशचंद्र प्रभृतींनी १९८८ साली २७९ रोग्यांचा वृत्तांत सादर केला.

मेंदूतील पेशी एकमेकींस सूक्ष्म विद्युत्संदेश पाठवितात. त्यांचा एखादा समूह अनावर होऊन एकदम संदेश सोडू लागला म्हणजे झटका येतो. झटक्याचे रूप त्याच्या स्थानावरून ठरते. हाताच्या हालचालींचे केंद्र क्षुब्ध झाले तर हात झटके देतो. स्मृती व भावना यांच्याशी निगडित असलेला, कानशिलाजवळचा भाग क्षुब्ध झाला तर अकारण भीती वाटते, किंवा मनुष्य भान हरपून ओठ चाटीत राहतो. क्षोभ मेंदूभर पसरला म्हणजे शुद्ध जाऊन सर्वांग आचके देते. ऊन पाण्याच्या अपस्मारात क्षोभाचा उगम पुष्कळदा या कानशिलाजवळच्या भागात असतो. काही रोग्यांस त्या वेळी विलक्षण सुख वाटते व पाणी ओतण्याची अनिवार ओढ लागते. या ओढीस हट्ट म्हणणे अन्यायाचे होय.

यावर उपाय सोपा आहे. पाणी कोमट घ्यावे व डोक्यावर ओतू नये. पुष्कळांस एवढे पुरते. इतरांस वैद्याच्या सल्ल्याने औषध घ्यावे लागते. झटका आल्यास कांदा वा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. रोग्यास कुशीवर वळवावे. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास रुग्णालय गाठावे.

हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या आड येणाऱ्या गोष्टींत वेडाच्या जोडीने अपस्माराचाही उल्लेख असे. १९९९ साली तो वगळण्यात आला. कायद्याने काढून टाकलेला हा कलंक घराघरांतून पुसून काढणे आता आपल्या हाती आहे.