महासाथीतील आहार

विषाणुजन्य रोगाची साथ सर्वत्र पसरली असता घ्यावयाचा आहार. कोणत्याही अन्नाने संसर्ग टळत नाही. तथापि पुरेशा आहाराने रोगाशी झुंजण्याची शक्ती टिकते. शरीराचे तापमान १° से. वाढल्यास चयापचयाचा वेग सु. १०% वाढतो, म्हणून तापात लंघन न करता पेज, मऊ वरण-भात, ताक थोडे थोडे द्यावे. ज्वारी, गहू यांच्या प्रथिनांत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी असते. ही उणीव डाळींनी भरून निघते. मात्र रोजगार थांबल्यास महाग डाळच प्रथम ताटातून जाते. मार्च २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीमुळे अजिंठा लेणी बंद झाली, तेव्हा पर्यटकांवर उपजीविका असणाऱ्या पायथ्याच्या फर्दापूरसारख्या गावांपुढे हाच प्रश्न होता. एप्रिल ते नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने अन्नसुरक्षा शिधापत्रिकांवर दरमहा माणशी ५ किग्रॅ. धान्याबरोबर कुटुंबामागे १ किग्रॅ. डाळही मोफत दिली, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.