मागच्या बाकाचे बारा महिने

सासरे पंतप्रधान, पक्ष सत्तेतला आणि बाक मागचा. अशा खासदाराने फार तर बाक वाजवायचे. फिरोज गांधींचा आवाजही पहिली तीन वर्षं लोकसभेत क्वचितच ऐकू आला. मग डिसेंबर 1955 मध्ये ते बोलायला उभे राहिले, आणि पुढचं वर्ष त्यांनी गाजवलं.

विषय होता विमा. ऐकूनच जांभई यावी! पण रामकृष्ण डालमियांच्या भारत विमा कंपनीत पॉलिसीवाल्यांचा पैसा मालकाच्या इतर धंद्यांत कसा फिरतो, याची कुंडलीच फिरोजनी सभागृहात मांडली. दीडेक महिन्यात, 19 जानेवारी 1956 च्या संध्याकाळी, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख रेडिओवर आले: आयुर्विमा आता सरकारचा. सगळं श्रेय एका भाषणाला देणं भाबडेपणाचं ठरेल, पण घाव नेमका वेळेवर बसला, हे खरं. त्याच आठवड्यात मुंबई संयुक्त महाराष्ट्रासाठी पेटली होती.

245 विमा कंपन्या आणि सोसायट्यांची मोट बांधून 1 सप्टेंबरला एलआयसी उभी राहिली, तेव्हा देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. मुंबईच्याच प्रश्नावर त्यांनी जुलैत राजीनामा दिला होता.

पण त्या वर्षातली त्यांची खरी कमाई वेगळीच. सभागृहात बोललेल्या शब्दासाठी खासदारावर खटला भरता येत नाही. तेच शब्द छापणाऱ्या संपादकाला मात्र तेव्हा हे कवच नव्हतं. म्हणजे संसदेत कुणाचं बिंग फुटलं, तर ते छापायचं की नाही, हे वकिलाला विचारून ठरवायचं! फिरोजनी यावर खासगी विधेयक आणलं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं. अशी विधेयकं शुक्रवारी दुपारी चर्चेला येतात आणि बहुतेक तिथेच विरतात. आजवर संसदेने अशी जेमतेम 14 मंजूर केली. फिरोज यांचं त्यांतलं एक. मे 1956 मध्ये कायदा झाला: संसदेचा खरा वृत्तांत सद्भावनेने छापणाऱ्याला संरक्षण.

पुढच्या वर्षी त्यांनी आपल्याच लाडक्या एलआयसीला धारेवर धरलं. उद्योगपती हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांत तिने सव्वा कोटीच्या आसपास रक्कम का ओतली? न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी घरी गेले. या वेळी मात्र वर्तमानपत्रांना सभागृहातला शब्द न् शब्द बिनघोर छापता आला.

फिरोज 1960 मध्ये गेले. त्यांचा कायदा डिसेंबर 1975 मध्ये, आणीबाणीत, वटहुकमाने रद्द झाला. तेव्हा पंतप्रधान होत्या त्यांच्या पत्नी. 1977 मध्ये जनता सरकारने तो परत आणला आणि 44 व्या घटनादुरुस्तीने हे संरक्षण थेट राज्यघटनेतच नेऊन ठेवलं. पत्ता हवा? अनुच्छेद 361-अ.