सांधे जपणारा, हृदयाला राबवणारा व्यायाम

जपानमधल्या मात्सुयामा शहरात २०१५ साली शंभर वर्षांच्या मिएको नागाओका १५०० मीटर पोहल्या. तलाव २५ मीटरचा, म्हणजे तब्बल ६० लांब्या. सगळं अंतर त्यांनी पाठीवर पोहून कापलं. वेळ लागला सव्वा तास आणि ५४ सेकंद. शंभरीत हे अंतर पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्याच. पोहण्याकडे त्या वळल्या त्याही ऐंशीच्या घरात, दुखऱ्या गुडघ्यांसाठी. २०२३ मध्ये, १०८व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या ८० हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत पोहणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण न पोहणाऱ्यांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी दिसलं. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचं ४१ टक्क्यांनी. मात्र पोहायला जाणारी माणसं मुळात धडधाकट असण्याची शक्यता अशा पाहणीत उरतेच. म्हणून अमेरिकेतला एक प्रयोग महत्त्वाचा. रक्तदाब थोडा वाढलेल्या, पन्नाशीपुढच्या लोकांना १२ आठवडे पोहायला लावलं, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १३१वरून १२२वर आला.

हे घडतं कसं? छातीपर्यंतच्या पाण्यात पायांवर वजनाचा जेमतेम एक तृतीयांश भार येतो, त्यामुळे झिजलेल्या गुडघ्यांना उसंत मिळते. पण पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. हात मारताना खांदे, पाठ, पोट, मांड्या सगळ्यांनाच जोर लावावा लागतो. पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं.

हाडांच्या बाबतीत मात्र पोहणं कमी पडतं. वजन पेलल्याशिवाय हाडं बळकट होत नाहीत; त्यासाठी चालणं, जिने चढणं, थोडं वजन उचलणं हवंच.

महाराष्ट्रात आज साठीपुढे असलेले अनेक जण लहानपणी पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. नोकरी-संसारात ते सुटलं. त्यांनी पुन्हा जरूर पाण्यात उतरावं, पण सुरुवातीला कमरेइतक्या पाण्यात चालावं, कठडा धरून पाय मारावेत, पाण्यात श्वास सोडण्याचा सराव करावा. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची १५० मिनिटं पाच दिवस अर्धा-अर्धा तास पोहून भरतात. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि जीवरक्षक हजर असतानाच पोहावं.