व्यायामशाळा चालवताय? हे पाहा

बोईसर-तारापूर एमआयडीसीतले बरेच कारखाने तीन पाळ्यांत चालतात. आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराला 'सकाळची बॅच' परवडत नाही; रात्रपाळी करून आलेला माणूस दहा-अकराला झोपेतून उठून यायचा नाही. त्याला महिन्याच्या फीऐवजी वीस फेऱ्यांचं कार्ड द्या, दोन महिन्यांत कधीही वापरू दे. पालघरची गोष्ट निराळी. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते आणि पहाटेची गाडी पकडणारा संध्याकाळी उशिराच मोकळा होतो; त्याच्यासाठी रात्री दहापर्यंत दार उघडं हवं.

सर्वांत दुर्लक्षित गिऱ्हाईक म्हणजे साठीपुढची माणसं. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्यातून किमान दोनदा स्नायूंच्या ताकदीचा आणि तीनदा तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवते. त्याला महागडं यंत्र लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, एवढ्यावर दुपारची रिकामी वेळ भरते. प्रशिक्षक मात्र शिकलेला हवा. रक्तदाब, मधुमेह विचारल्याशिवाय वजन हातात देऊ नये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, पण इनपुट टॅक्स क्रेडिट गेलं. यंत्रखरेदीचा हिशेब नव्याने मांडा.