फासे, नियम आणि न्याय : स्वतंत्र भूमिकाखेळांतील समाजचिंतन

सापशिडीचा पट आपण सर्वांनी बालपणी हाताळला आहे. मोक्षपट हे त्याचे जुने रूप. महाराष्ट्रात परंपरेने त्याचे जनकत्व संत ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि अखेरचे घर म्हणजे मोक्ष. खेळातून नीतीचा संस्कार व्हावा, हा त्यामागील उदात्त हेतू. तथापि या पटावर एक गोष्ट घडत नाही. सोंगटी सापाच्या मुखात जाते ती खेळाडूच्या मनात लोभ उपजला म्हणून नव्हे, तर दान तसे पडले म्हणून. पाप-पुण्याची ओळख होते; त्यांतून निवड मात्र करावी लागत नाही.

निवड हाच ज्याचा गाभा आहे, असा एक खेळप्रकार गेल्या पंचवीसएक वर्षांत पाश्चात्त्य देशांत बहरला आहे. 'स्वतंत्र भूमिकाखेळ' असे त्याला म्हणता येईल. गुलामगिरी, युद्ध, धर्मसत्ता, ग्रामव्यवस्था असे गंभीर विषय हे खेळ हाताळतात. खेळण्याच्या वस्तूने इतका भार पेलावा काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी हा प्रकार नीट समजून घेणे इष्ट ठरेल.

भूमिकाखेळ म्हणजे काय?

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंगाचे वर्णन करतो : रात्र झाली आहे, नदीला पूर आला आहे, पलीकडच्या तीरावर दिवा दिसतो. इतर प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेतलेली असते. आपले पात्र आता काय करील, हे तो सांगतो. कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. नाटकासारखा हा प्रकार आहे. पण येथे संहिता नाही आणि प्रेक्षकही नाहीत.

या प्रकाराचा पहिला प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन लेखकद्वयीने तो १९७४ साली प्रसिद्ध केला. २०१६ पासून गाजलेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतील मुले जो खेळ खेळताना दिसतात, तो हाच. १९८० च्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती गटांनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप केला. जॅक चिक यांची 'डार्क डंजन्स' ही प्रचारपुस्तिका १९८४ मधली. हा खेळ मुलांना गुन्ह्याकडे किंवा आत्महत्येकडे नेतो, असेही सांगितले गेले. असा कार्यकारणसंबंध कधीच सिद्ध झाला नाही. भीतीच्या भरात मुलांना त्यांच्या खेळाविषयी दोन प्रश्न विचारायचे मात्र राहून गेले.

'स्वतंत्र' हे विशेषण मालकीविषयी आहे. मोठ्या कंपनीऐवजी लेखक स्वतःच खेळ रचतो, छापतो आणि त्याचे हक्क स्वतःकडे ठेवतो. संगणकावर वाचता येणाऱ्या प्रती, मागणीनुसार छपाई आणि २००९ साली सुरू झालेले 'किकस्टार्टर'सारखे लोकवर्गणीचे मार्ग यांमुळे हे शक्य झाले. बाजाराची सक्ती सैल झाली आणि ज्या विषयांना कोणी हात लावला नसता ते विषय टेबलावर आले.

नियम काय शिकवतो?

खेळातील सामाजिक विचार कथेत असतो, असा आपला समज असतो. वस्तुतः तो नियमांत असतो. मूळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये पात्राची प्रगती मुख्यत्वे दोन गोष्टींनी होई : राक्षसांचा पराभव करणे आणि खजिना मिळवणे. साहजिकच खेळाडू तेच करीत. ज्याला गुण मिळतात ते घडते, ज्याची किंमत मोजावी लागते ते टाळले जाते. नियम उपदेश करीत नाही. तो केवळ वाट आखतो.

हे सत्य एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन महिलेला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उमगले होते. जमीन मूठभरांच्या हाती एकवटली की इतरांचे दारिद्र्य कसे वाढते, हे दाखवण्यासाठी तिने 'द लँडलॉर्ड्स गेम' रचला आणि १९०४ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे त्याच कल्पनेतून 'मोनोपॉली' आली आणि १९३५ पासून ती जगभर खपली. आपल्याकडचा 'व्यापार' त्याच वळणाचा. मक्तेदारीविरुद्ध इशारा म्हणून जन्मलेला खेळ मक्तेदारीचा आनंद देऊ लागला. नियमांच्या मांडणीत किती सामर्थ्य असते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

द्राक्षमळ्याचे राखणदार

आपल्याला विशेष अंतर्मुख करील असा खेळ म्हणजे व्हिन्सेंट बेकर यांचा 'डॉग्ज इन द व्हिनयार्ड' (२००४). मॉर्मन परंपरेत वाढलेल्या बेकर यांनी एकोणिसाव्या शतकातील युटा प्रदेशावर बेतलेले एक काल्पनिक जग उभे केले. तेथील श्रद्धावंतांची विखुरलेली गावे आहेत आणि या गावांच्या रक्षणासाठी नेमलेले तरुण-तरुणी आहेत. ते परमेश्वराचे राखणदार. आप्तस्वकीयांनी हाताने शिवलेला रंगीबेरंगी कोट अंगात घालून ते गावोगाव फिरतात, टपाल पोहोचवतात, विवाह लावतात आणि गावात पाप शिरले असेल तर निवाडा करतात. त्यांच्या कमरेला पिस्तूलही असते.

प्रत्येक गावाचा ऱ्हास कसा होतो, याची शिडीच लेखकाने दिली आहे. आरंभ अहंकारापासून. अहंकारातून अन्याय, अन्यायातून पाप, पुढे खोटी शिकवण, भ्रष्ट उपासना आणि अखेरीस द्वेष व हत्या. सूत्रधाराने खेळापूर्वी या पायऱ्यांनी गाव रचायचे. येथवर हा खेळ एखाद्या प्रवचनासारखा वाटतो. परंतु त्यानंतरचा नियम धक्का देतो : राखणदारांनी काय करणे योग्य, याविषयी सूत्रधाराने मनात उत्तर धरायचे नाही. चोरी करणाऱ्या विधवेला क्षमा करायची की शासन, हे खेळाडूंनीच ठरवायचे. चूक झाली असे आकाशातून कोणी सांगणार नाही. देवाच्या नावाने बोलण्याचा अधिकार हाती आहे आणि हात धरणारे कोणी नाही.

संघर्षाचा नियम तर अधिकच मार्मिक आहे. वाद शब्दांनी सुरू होतो. हातातले फासे संपत आले, म्हणजे युक्तिवाद कमी पडू लागला, की खेळाडूपुढे दोन वाटा उरतात. माघार घ्यायची किंवा संघर्ष एक पायरी वर न्यायचा. शब्दांवरून धक्काबुक्कीवर, तेथून मारामारीवर, शेवटी गोळीबारावर. वर चढणाऱ्याला नवे फासे मिळतात. मोह नेमका येथेच आहे. परंतु परिणामांचे फासेही बदलतात. शब्दांच्या घावांसाठी चार बाजूंचा फासा, गोळीसाठी दहा बाजूंचा. आकडा मोठा तितकी इजा मोठी. त्यातही एक सूक्ष्म योजना आहे. परिणामांच्या फाशावर 'एक' पडला तर पात्र त्या प्रसंगातून काही शिकते. चार बाजूंच्या फाशावर ही शक्यता चारांत एक, दहा बाजूंच्या फाशावर दहांत एक. संभाषणातून माणूस शिकतो आणि गोळीबारातून बहुधा फक्त जखमा उरतात, हे लेखकाने एका वाक्यातही सांगितलेले नाही. फासेच ते सांगतात.

हा खेळ जगाला विचारतो : आपले म्हणणे खरे ठरवण्यासाठी तू कुठवर जाशील? धार्मिक अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांनी, आम्हा धर्मगुरूंनी तर विशेषत्वाने, हा प्रश्न स्वतःला विचारावयास हवा. आमच्या कमरेला पिस्तूल नसते हे खरे. परंतु चारचौघांत केलेला पाणउतारा किंवा सहज फिरवलेली पाठ ही शस्त्रे आम्हालाही ठाऊक आहेत.

ज्यांच्या हाती निवड फार थोडी होती

राखणदारांच्या हाती अमर्याद सत्ता; याच्या अगदी उलट टोकाचे जीवन 'स्टील अवे जॉर्डन' (२००७) या खेळात आहे. ज्युलिया बॉन्ड एलिंगबो यांच्या या खेळात खेळाडू अमेरिकेतील गुलामांच्या भूमिका घेतात. खेळाच्या नावातच त्या काळच्या कृष्णवर्णीय भक्तिगीतांचा सूर आहे. येथे प्रत्येक पात्राला एक 'किंमत' असते. बाजारात माणसाची किंमत ठरवली जाई, तशीच. त्या आकड्यानुसार खेळाडूला फासे मिळतात. मालकाच्या हिशेबवहीतील आकडा माझ्या धडपडीची मर्यादा ठरवतो, हे पुस्तकात वाचणे निराळे आणि मूठभर फासे हाती घेऊन अनुभवणे निराळे.

त्याच वर्षी जेसन मॉर्निंगस्टार यांचा 'ग्रे रँक्स' प्रसिद्ध झाला. पुढल्या वर्षी त्याला डायना जोन्स पुरस्कार लाभला. विषय आहे १९४४ चा वॉर्सा उठाव. नाझी सत्तेविरुद्ध १ ऑगस्टला सुरू झालेला हा लढा ६३ दिवस चालला आणि २ ऑक्टोबरला शरणागतीने संपला. अंदाजे दीड ते दोन लाख नागरिक प्राणास मुकले, शहर उद्ध्वस्त झाले. पोलंडच्या भूमिगत बालवीर संघटनेला 'करड्या रांगा' म्हणत. खेळाचे नाव त्यावरूनच आले. पात्रे किशोरवयीन आहेत. प्रत्येकाला प्राणाहून प्रिय असे काही असते आणि मोहीम यशस्वी करण्यासाठी ते पणाला लावावे लागते. पात्राचे मन प्रेम आणि द्वेष, उत्साह आणि थकवा यांच्या तक्त्यावर सरकत राहते. शेवट पराभवात आहे, हे खेळाडूंना पहिल्या क्षणापासून माहीत असते. जिंकणे-हरणे बाजूला राहते आणि प्रश्न उरतो तो एवढाच : मुलांना युद्धात ढकलणाऱ्या जगाने त्यांच्याकडून काय काय हिरावून घेतले?

एका गावाचे एक वर्ष

कॅनडातील अ‍ॅव्हरी ऑल्डर यांचा 'द क्वाएट इयर' (२०१३) हा खेळ तुलनेने शांत आहे. जग कोसळल्यानंतर तगून राहिलेल्या एका लहान वस्तीला एक वर्षाची उसंत मिळाली आहे. पत्त्यांच्या जोडातील ५२ पाने म्हणजे वर्षाचे ५२ आठवडे. खेळाडू एकच नकाशा मिळून रेखाटतात. आपल्या पाळीत खेळाडू एखादे काम सुरू करतो, काही नवे शोधतो किंवा सभा बोलावतो.

सभेचा नियम वाचून कोणत्याही समितीवर काम केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल. प्रत्येकाने एकदाच, एक-दोन वाक्ये बोलायची. त्यानंतर सभा संपते. निर्णय होत नाही! ज्याची पाळी येते तो पुढे स्वतःच्या मनाप्रमाणे करतो. आपल्याला विचारले गेले नाही असे ज्याला वाटेल त्याने 'अवमाना'ची एक सोंगटी आपल्यापुढे उचलून ठेवायची. त्या सोंगटीने कोणाचे गुण वाढत नाहीत की घटत नाहीत. ती फक्त सर्वांच्या नजरेसमोर पडून राहते. समाजात साचत जाणाऱ्या रोषाचे याहून नेमके चित्र क्वचितच आढळेल. फूट पडण्यापूर्वी अशा कितीतरी अदृश्य सोंगट्या लोकांपुढे साचलेल्या असतात; त्या मोजायला कोणाला सवड नसते.

आक्षेप आणि मर्यादा

दुसऱ्याच्या यातनेचा खेळ करावा काय? हा आक्षेप हलका लेखता येणार नाही. गुलामाची भूमिका दोन तास करून माणूस घरी जाऊन जेवतो. गुलामाला घरी जाता येत नव्हते. 'मला त्याचे दुःख कळले' असा अहंकार अशा खेळातून निर्माण होऊ शकतो. प्रसंग असह्य झाला तर खेळाडूला थांबवता यावे म्हणून अनेक गट टेबलाच्या मध्यभागी फुलीचे एक पान ठेवतात. जॉन स्टॅव्हरोपुलस यांनी सुचवलेला हा उपाय. पानाला स्पर्श केला की तो प्रसंग वगळायचा, कारण विचारायचे नाही. ही सौजन्याची रीत आहे. आक्षेपाचे संपूर्ण उत्तर नव्हे.

लेखकाची दृष्टीही सर्वव्यापी नसते. 'डॉग्ज इन द व्हिनयार्ड'मध्ये न्यायाची इतकी सूक्ष्म चर्चा आहे. परंतु ती गावे ज्यांच्या भूमीवर वसली ते मूळ रहिवासी पुस्तकाच्या कडेलाच राहतात. बेकर यांनी पुढे तो खेळ विक्रीतून काढून घेतला. २०२२ मध्ये आलेल्या 'कायोटी अँड क्रो' या खेळात चेरोकी राष्ट्राचे कॉनर अलेक्झांडर आणि त्यांचे मूलनिवासी सहकारी यांनी, वसाहतवाद कधी आलाच नसता तर अमेरिका खंड कसा असता, हे रंगवले. कडेवरची माणसे मध्यभागी आली.

खेळात राजकारण कशाला, असेही काही जण विचारतात. परंतु राजकारण नसलेला खेळ शोधणे कठीण आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये काही वंशच जन्मतः दुष्ट मानले जात. या चित्रणात बदल करण्याची घोषणा प्रकाशकांनी २०२० साली केली आणि २०२२ मध्ये 'वंश' हा शब्दच सोडून देण्याचे जाहीर केले. जन्मावरून माणसाची पत ठरवणारा नियम किती काळ नियम म्हणून खपून जातो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

या खेळांचे मोल त्यांच्या उत्तरांत नाही. एकमेकांचे ऐकत तीन-चार तास समोरासमोर बसणे आणि 'तुझ्या जागी मी काय केले असते?' हा प्रश्न प्रामाणिकपणे झेलणे, ही त्यांची देणगी आहे. आपला मुलगा किंवा मुलगी असा एखादा खेळ घरी घेऊन आली तर त्यावरील चित्रे पाहून दचकू नये. शेजारी बसावे आणि एवढेच विचारावे : तुमच्या या खेळात कशाला गुण मिळतात, आणि कशाची किंमत मोजावी लागते? मग तोच प्रश्न आपल्या घराला, संस्थेला आणि समाजालाही विचारून पाहावा. तेथील नियमही कोणीतरी माणसानेच लिहिलेले असतात. आणि माणसाने लिहिलेला नियम माणसाला बदलता येतो.